माणसांत मोजलेला कोंबडा

त्या सकाळी देवळातल्या भन्तेंची भिक्षापात्रं रिकामी परत गेली. डोंगरातल्या त्या गावात असं आक्रीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. मागे नदीचं पाणी देवळाच्या पायऱ्यांना लागलं होतं, तेव्हाही कोणीतरी होडीत उभं राहून चिकट भाताचा गोळा नेम धरून पात्रात टाकला होता म्हणतात. या वेळी ना पूर, ना वादळ. भन्तेंना भिक्षा घालणारी अख्खी आळी झोपून राहिली होती, एवढंच. थोरले भन्ते त्या दिवशी पाकिटातल्या शेवया खाऊन राहिले आणि काही न बोलता सगळ्यांना लाज आणली.

आळी झोपून राहिली, कारण कोंबडा आरवला नव्हता.

तसे गावात कोंबडे ढिगाने होते. पण आळीला जाग यायची ती लुंग पानकेवच्या, म्हणजे पानकेवकाकांच्या, कोंबड्यानेच. त्याची बांगच तशी होती. पलीकडच्या खोऱ्यात ओंडके ओढणारा एक बहिरा हत्ती होता, तोसुद्धा ती ऐकून उठून उभा राहायचा. त्याच्या माहुताने तर घड्याळ विकून टाकलं होतं. कोणाला खोटं वाटत असेल तर माहुताला विचारावं. माहूत आता हयात नाही, पण हत्ती आहे.

चानफोंगला जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून आत येऊन भिंतीवर चढलं होतं. ती ताडकन उठली. भात लावला नाही म्हणून जीभ चावली, आणि लगेच तिच्या मनात आलं: कोंबडा का आरवला नाही?

गावात प्रत्येक दहा-बारा घरांमागे एक आरोग्य स्वयंसेविका असते, तशी या आळीची चानफोंग. पाण्याच्या रांजणांत बॅटरी मारून डासांच्या अळ्या बघायच्या, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर मोजायचं, तान्ह्यांची वजनं घ्यायची, आणि कोणाची कोंबडी, बदक, डुक्कर अचानक मेलं किंवा मान टाकून बसलं तर तेही बघायचं. सगळं मोबाइलमधल्या हिरव्या ॲपमध्ये भरायचं. ॲप सोपं होतं. माणसाचं चित्र, कोंबडीचं चित्र, म्हशीचं, कुत्र्याचं. बोट ठेवायचं, किती ते दाबायचं, फोटो काढायचा, की बातमी क्षणात जिल्ह्याला.

चानफोंगचा तिच्या आळीत वचक होता. "पा चानफोंग आली," म्हणजे चानफोंगमावशी आली, असं म्हटलं की लोक आधी रांजण पालथे करायचे आणि मग 'ये, बस' म्हणायचे. तिच्या सगळ्या घरांपुढे ॲपमध्ये हिरवा ठिपका होता. एक घर सोडून. पानकेवच्या घरापुढे गेले कित्येक महिने लाल ठिपका होता, कारण त्या घरात माणसं दोन आहेत, असं ॲपला वाटत होतं.

त्याची हकिगत अशी.

पानकेवची बायको कामपेंग आजारी पडली, वाळत वाळत गेली. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा घरच्या रीतीप्रमाणे तिचा ख्वान बोलवायचं ठरलं. प्रत्येक माणसाच्या अंगात त्याचा ख्वान असतो. तो घाबरला, रुसला, की अंग सोडून रानोमाळ भटकतो आणि माणूस झुरतो. मग जाणत्याने मंत्र म्हणून त्याला गोड शब्दांनी घरी बोलवायचं, त्याच्यापुढे उकडलेली कोंबडी, भात, केळी ठेवायची, आणि तो आला की मनगटाला पांढरा दोरा बांधून त्याला अंगात घट्ट करायचं. हे काम होतं नान इंथाचं. एके काळचा भिक्खू, आवाज मधासारखा, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मंत्र रंगात आला, आणि नेमकं तेव्हाच घराखालचं एक पोरसवदा कोंबडं शिडी चढून वर आलं आणि ताटातला भात टिपायला लागलं. नान इंथाने दोरा घेऊन चाचपडत हात पुढे केला. हाताला लागला कोंबड्याचा पाय. बारीक, थरथरणारा. त्याने तोच धरला आणि गाठ मारली.

सगळ्यांनी बघितलं. पण मंत्र मध्येच तोडणं अशुभ, म्हणून कोणी तोंड उघडलं नाही. कामपेंगने मात्र अंथरुणातून आपल्या मनगटाकडे बघितलं, कोंबड्याच्या पायाकडे बघितलं आणि खुदकन हसली. "त्यांची काही चूक नाही," ती म्हणाली, "फरक तरी कुठे राहिलाय?"

तेच तिचं शेवटचं हसणं. थोड्याच दिवसांत ती गेली. आणि तिला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते पोरसवदा कोंबडं, पायात पांढरा दोरा, शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून आयुष्यात पहिल्यांदा आरवलं. कामपेंग नवऱ्याला उठवायची नेमकी त्याच वेळेला.

झालं. पानकेवच्या मनाने घेतलं. ख्वान आला होता. फक्त बांधला गेला भलत्या ठिकाणी. गाव कोंबड्याला 'तो' म्हणायचं, पानकेव 'ती' म्हणायचा. चानफोंग ॲपमधून कामपेंगचं नाव काढायला गेली, तर तो मध्ये आडवा पडला. "नाव कशाला काढतेस? ती आहे ना. फक्त खाली राहते." कामपेंग चानफोंगची जिवाची मैत्रीण. तिचंही बोट धजेना. नाव राहिलं. आणि कोंबड्या मोजताना पानकेव तो कोंबडा सोडून मोजायचा.

त्यामुळे दर महिन्याला ॲप कामपेंगचं ब्लडप्रेशर मागायचं, आणि जिल्ह्याच्या नर्सबाईंचा फोन यायचा.

"मावशी, या बाईंचं ब्लडप्रेशर राहिलंय."

"बाई शेतात गेल्यात."

"मागच्या महिन्यातही शेतातच होत्या."

"आता झाडावर बसल्यात."

"झाडावर? मावशी, त्यांचं वय पासष्ट आहे!"

"चपळ आहेत," म्हणायची चानफोंग आणि फोन ठेवायची.

तर त्या सकाळी चानफोंगने तोंडाला मास्क लावला, हातमोजे खिशात घातले आणि पानकेवच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. घराखाली नेहमी चाळीसभर पाय खुडबुडत असायचे. आज सामसूम. एका कोपऱ्यात माती नुकतीच उकरून परत लोटलेली दिसत होती.

पानकेव शिडीच्या वरच्या पायरीवर गोधडी पांघरून बसला होता. मांडीवर कोंबडा. कोंबड्याचा तुरा, जो एरवी पिकल्या मिरचीसारखा असायचा, तो जांभळा पडला होता.

"पी पानकेव," चानफोंगने फाटकातूनच हाक मारली. तो वयाने मोठा, म्हणून ती त्याला 'पी' म्हणायची, दादा म्हणावं तसं. "कोंबड्या कुठायत?"

"पाहुण्यांकडे गेल्या."

"सगळ्या?"

"लग्न आहे."

"कोंबड्यांचं?"

"फोंग, सकाळी सकाळी डोकं नको खाऊस."

"ती माती कसली उकरलीय?"

"आलं लावलंय."

"हिवाळ्यात?"

पानकेव उत्तर द्यायला गेला आणि खोकल्याने वाकला. खोकला संपेना. कोंबडाही त्याच्याबरोबर हलत राहिला. चानफोंगने शिडीच्या खालच्या पायरीशी येऊन वर बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे लाल, गाल तापलेले. मागे खोलीत मच्छरदाणी लावलेली दिसत होती आणि उशीवर, माणसाच्या डोक्याशेजारी, एक लांब पीस पडलेलं होतं.

"तुम्ही त्याला मच्छरदाणीत घेऊन झोपलात?"

"तिला थंडी वाजत होती."

कोंबडीचा आजार माणसाला लागला तर काय होतं, हे तिला दरवर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी बसवून पडद्यावर दाखवत. तिने मोबाइल काढला. हिरवं ॲप उघडलं. कोंबडीच्या चित्रावर बोट नेलं आणि तिथेच थांबवलं.

"मला दाबावं लागणार, पी."

"दाबलंस की पांढरे कपडेवाले येतील."

"येतील."

"उरलंसुरलं सगळं घेऊन जातील."

"नेतील."

"तिलाही."

वरून पानकेवचा आवाज आला, अगदी बारीक, हट्ट करून दमलेल्या पोरासारखा. "मी एकदा तिला जाताना बघितलंय, फोंग. परत कसं बघू? दोन दिवस थांब. तिचं तिला जाऊ दे, माझ्या मांडीवर. मग हवं ते दाब."

दोन दिवस. दोन दिवसांत आळीतल्या पोराबाळांच्या पायांत कोंबड्या खेळणार. आणि हा बाबा दोन दिवस कोंबड्याला उराशी धरून खोकत बसणार. चानफोंगला ओरडावंसं वाटलं, आणि रडावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"कामपेंगने शेवटी मला काय सांगितलं माहितेय?" ती म्हणाली. "तुम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणाली, फोंग, याला दुःखाने मरू दे, त्याला माझी ना नाही. पण मूर्खपणाने मरू देऊ नकोस."

"असं म्हणाली?"

"देवळाची शपथ."

पानकेवच्या तोंडावर हसू फुटू की नको असं झालं. "तिचंच बोलणं वाटतं," तो म्हणाला. मग त्याने कोंबड्याची मान हलकेच वर उचलली. "काय गं? खरंय का?" कोंबड्याने एक डोळा उघडला आणि मान पुन्हा त्याच्या मांडीत टाकली.

पानकेवने त्याच्या पायातल्या दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"इंथाला बोलव," पानकेव अखेर म्हणाला. "गाठ त्याने मारली, सोडवायची त्याने. तिला यातून बाहेर काढू दे. मग उरेल तो कोंबडा. तो घेऊन जा."

"आणि बटण?"

"आण इकडे. मी दाबतो. तू दाबलंस तर मला तुझा राग येईल, आणि मग मला जेवायला कोण घालील?"

चानफोंगने मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर सरकवला. पानकेवने डोळे बारीक करून चित्रं बघितली. कोंबडीवर अंगठा ठेवला. 'किती', ॲपने विचारलं. त्याने बोटांवर मोजलं. पुरलेल्या मोजल्या, टोपलीखाली धापा टाकणाऱ्या मोजल्या. मग थांबला. मांडीवर बघितलं. आणि आणखी एक मिळवला.

"आता माणूस," चानफोंग खालून म्हणाली.

"माणूस कशाला?"

"कारण तुम्हाला ताप आहे, पी, आणि माझे डोळे इंथासारखे नाहीत."

त्याने कुरकुरत माणसाचं चित्रही दाबलं. आजारी कोंबडी आणि आजारी माणूस एकाच घरात, हे कळल्याबरोबर ॲपला जसा काही विंचू चावला. पानकेवने अंगठा पुरता उचललाही नव्हता तोच फोन वाजला. तो एवढा दचकला की फोन शिडीवरून टणाटणा उड्या मारत खाली आला, आणि वाजतच होता.

नान इंथा आला. मध्यंतरी त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांवर जाड चष्मा होता. फाटकातून बघून म्हणाला, "अरे देवा! इतका मोठा पाय मी मनगट समजलो?"

"तेव्हा लहान होता," पानकेव म्हणाला. "आणि तिचं मनगटही."

नान इंथा ओशाळला. मग ताट मांडायची वेळ आली आणि वेगळीच पंचाईत उभी राहिली. ख्वानपुढे ठेवायला उकडलेली कोंबडी लागते. आणि आज त्या आळीत कोंबडीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. शेजारपाजारचे फाटकाबाहेर नाकावर फडकी धरून सल्ले देत उभे होते. कोणी म्हणे डुकराचं मुंडकं, कोणी म्हणे नुसतीच अंडी.

"तिला मागूर मासा आवडायचा," चानफोंग म्हणाली. "भाजलेला. कोंबडी ती खायचीच कुठे?"

पानकेवने मान वर केली. "नाही खायची," तो सावकाश म्हणाला. "जन्मात नाही खाल्ली. वासही सहन व्हायचा नाही." आणि एकदम म्हणाला, "इंथा! अरे, त्या दिवशी आपण तिच्यापुढे कोंबडी ठेवली! मग ती येईल कशाला? ती रुसून बाहेरच उभी राहिली असणार. पोरसवदा कोंबडं बिचारं आत आलं, त्याच्या अंगाआडून डोकावत असेल."

"असू शकतं," नान इंथा गंभीरपणे म्हणाला. स्वतःची चूक अर्धी वाटली जात असेल तर कोण नको म्हणेल?

चानफोंगच्या घरी चुलीवर मागूर भाजला गेला. तोवर जिल्ह्याची पांढरी गाडी आली आणि तिच्यातून पशुवैद्य विरुत उतरला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, डोळ्यांवर चष्मा, वय पोराचं. त्याच्यामागे दवाखान्याची गाडी, पानकेवला न्यायला. विरुतला समोर दिसलं ते असं: भाताचं ताट, भाजलेला मासा, केळी, आणि सुताच्या दोऱ्याचं एक भलंमोठं गुंडाळं.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"कोंबड्यातल्या बाईंना बोलावणं धाडतोय," शेजारचा एकजण म्हणाला, आणि बायकोकडून कोपरखळी खाल्ली.

चानफोंगने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ऐकून विरुत हसला नाही. "माझ्या आजीनेही माझा ख्वान बोलावला होता," तो म्हणाला, "विहिरीत पडलो होतो तेव्हा. पण कोंबड्याजवळ माझ्याशिवाय कोणी जायचं नाही. काय बांधायचं ते मी बांधतो."

मग असं ठरलं. कोंबडा अंगणाच्या मधोमध टोपलीखाली. त्याच्या पायापासून दोरा निघाला तो अंगण ओलांडून फाटकाशी बसलेल्या नान इंथाच्या हातात, आणि तिथून वळून शिडीच्या पायथ्याशी मास्क लावून बसलेल्या पानकेवच्या मनगटाला. एवढा लांब दोरा त्या गावाने लग्नातही बघितला नव्हता. एक टोक विरुतने गुडघ्यांवर बसून कोंबड्याच्या पायातल्या जुन्या दोऱ्याला बांधलं. हातमोज्यांतून त्याला गाठ जमेना, तेव्हा नान इंथा चष्मा सावरत लांबूनच ओरडला, "पाय आहे ना तो? नीट बघा हं!" आणि सगळी आळी फडक्यांआडून हसली.

मग मंत्र सुरू झाला. ये ग ये, रानात भटकू नकोस, नदीकाठी थांबू नकोस, काट्याकुट्यात राहू नकोस, परक्या अंगात राहू नकोस. तुझी चूल इथे आहे, तुझी उशी इथे आहे, तुझ्या आवडीचा मासा इथे आहे. नान इंथाचा आवाज अजून मधासारखाच होता. चानफोंगला शेवटच्या ओळी ऐकू आल्या नाहीत. तिच्या मास्कच्या आतून पाणी वाहत होतं, आणि तो काढता येत नव्हता.

दोरा हलला. कोणी म्हणतं वाऱ्याने, कोणी म्हणतं कोंबड्याने पाय ओढला. पानकेवने मनगटाकडे बघितलं, त्याला दुसरा हात लावला आणि म्हणाला, "आली."

नान इंथाने मधोमध दोरा तोडला. दवाखान्याच्या गाडीबरोबर आलेली पोरगी फाटकातून पुढे आली आणि पानकेवच्या मनगटाशी लोंबणाऱ्या दोऱ्याची तिने नीट गाठ मारली. विरुतने टोपली उचलली. पानकेवने तोंड फिरवलं नाही. गाडीचं दार लागेपर्यंत तो बघत राहिला. "चांगला होता," तो म्हणाला. "मेहनती होता बिचारा." त्या दिवसापासून पानकेवच्या तोंडीही तो 'तो' झाला.

कोंबड्यांचा आजार जीवघेणाच निघाला. पण तो पानकेवच्या कुंपणाबाहेर गेला नाही. आजूबाजूच्या कोंबड्यांवर महिनाभर पहारा राहिला, आणि त्या सगळ्या शाबूत राहिल्या. पानकेवला दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. चानफोंग रोज काचेबाहेर उभी राहायची आणि तो आतून हाताने 'जा, जा' करायचा. त्याच्या घशातून फिरवलेला कापसाचा बोळा तपासून आला, त्या दिवशी विरुतनेच फोन केला. "साधा फ्लू आहे, मावशी. ठणठणीत होतील." चानफोंगने फोन ठेवला आणि अंगणातले सगळे रांजण, गरज नसताना, घासून काढले.

पानकेव घरी आला. दुसऱ्या दिवशी पहाटे आळीत आरोळी ऐकू आली. "उठा! भात लावा! भन्ते निघाले!" कामपेंग नवऱ्याला उठवायची ते हेच शब्द. पानकेव काठी टेकत आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत निघाला होता. भिक्षापात्रं इतकी भरली की धाकट्या भन्तेंना दोन खेपा कराव्या लागल्या. पलीकडच्या खोऱ्यातला हत्तीही म्हणे उठून बसला.

महिनाअखेर चानफोंग ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन आली. पट्टा दंडाला बांधला, आकडा ॲपमध्ये भरला. ॲपने नेहमीप्रमाणे दुसऱ्या माणसाचं विचारलं. लाल ठिपका चमकला.

"काढू का?" तिने हळूच विचारलं.

"आण इकडे."

नाव काढायचं कारण ॲपला हवं होतं. वर होतं 'दुसरीकडे राहायला गेली'. खाली होतं 'मयत'. पानकेवने आधी वरचं दाबलं. ॲपने नवा पत्ता विचारला. त्याने आपलं मनगट मोबाइलपुढे धरलं.

"पी, याला तालुका लागतो."

"लागतो काय?" त्याने मनगट खाली घेतलं. मग ॲपमध्ये मागे येऊन सावकाश खालचं दाबलं. ठिपका हिरवा झाला. दोघं त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी नर्सबाईंचा फोन आला. "मावशी, त्या घराचं काम झालं वाटतं. त्या झाडावर बसणाऱ्या बाई..."

"उतरल्या," चानफोंग म्हणाली. तिच्यासमोर चुलीवर मागूर मासा भाजत होता, आणि फाटकाशी कोणीतरी काठी आपटून विचारत होतं की अजून किती वेळ.